जावयांचा ड्रॅगन

जगात अजरामर अशा दोनच गोष्टी आहेत, सत्य आणि आमच्या जावयांचा कॉम्प्युटर गेम. पैकी सत्याबद्दल मला खात्री नाही.

पन्नाशीचे श्रीनिवासराव कॉलेजपासून तोच ड्रॅगन मारताहेत. ठोकळ्यांचा राजा, ठोकळ्यांची तलवार, आणि राज्य वाचलं की पुन्हा पहिल्यापासून. आज दारात भंगारवाला उभा होता आणि माझ्या लेकीने कॉम्प्युटरची वायर हातात धरली होती.

"एवढा ड्रॅगन मारू दे, मग देऊन टाक," जावई काकुळतीने म्हणाले.

"डावीकडच्या दाराने जा," लेक फणकारली. "उजवीकडे खड्डा आहे. दर वेळी पडता."

ड्रॅगन मेला. तिने वायर सोडली आणि भंगारवाल्याला नुसती रद्दी दिली.

शूरवीर टॉवेल घेऊन बाथरूमपर्यंत गेले आणि दारातच थबकले.

"अगं, भिंतीवर पाल आहे. तेवढी हाकल ना."