राखून ठेवलेला शार्क

ड्वेनचा शार्क पुन्हा मेला. टीव्हीवरच्या व्हिडिओ गेममधल्या आडदांड शिकारी कप्तानाने त्याला भाल्यावर टोचून बोटीत ओढलं आणि वर दात विचकले.

"मरेल नाहीतर काय करेल?" ग्लेंडा म्हणाली. सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसून ती उकडलेली कोळंबी सोलत होती. "त्याला अजून दुधाचेच दात आहेत."

खेळ साधा होता. शार्कने मासे, कासवं, सापडली तर पोहणारी माणसं खायची. खाल्लं की ताकद साठते. ती खर्चून त्याला हाडाचे दात घ्यायचे, विजेचा झटका देणारी शेपटी घ्यायची, जमिनीवर तग धरणारी फुप्फुसं घ्यायची. ड्वेनने महिनाभर सगळा समुद्र ओरपून डोंगराएवढी ताकद साठवली होती आणि त्यातली कणभरही खर्चली नव्हती.

"पुढे लागेल," तो म्हणाला.

हा त्याचा धर्मच होता. अमेरिकेत अलाबामाच्या किनाऱ्यावरच्या एका कोळ्यांच्या गावात तो बोटींची इंजिनं दुरुस्त करी. नवे बूट खोक्यात जपून फाटक्यांना सुतळी बांधी. ग्लेंडासाठी घेतलेल्या अंगठीचीही तीच गत. उन्हाळ्यापासून ती मागच्या पडवीत, गळांच्या पेटीच्या तळाशी पडून होती. कोळंबीचा हंगाम संपू दे, छप्पर नीट होऊ दे, मग विचारू. खरं म्हणजे पन्नाशी उलटलेला हा गडी घाबरला होता. ती नाही म्हणाली तर दर शनिवारची तिच्यासोबतची ही कोळंबीही जायची.

तसे दिवस मात्र बरे चालले होते. या आठवड्यात सगळं गावच त्याच्यावर खूश होतं. हॉटेलवालीने पेकन-पाईचा गोड तुकडा फुकट हातात ठेवला. पेट्रोल भरताना पाद्रीबाबांनी येऊन मिठी मारली. बर्फाच्या कारखान्यातली पोरं तर त्याला बघून शिट्ट्या वाजवत होती. रॉलिन्सच्या बोटीचं इंजिन आपण झकास बसवलं, त्याचाच हा बोलबाला, असं तो धरून चालला होता.

"आण इकडे," ग्लेंडाने हात पुसले आणि त्याच्याकडून गेमचा रिमोट हिसकावला.

तिने दात घेतले. शेपटी घेतली. ड्वेनचा जीव वरखाली होऊ लागला.

"अगं, थोडी तरी शिल्लक ठेव."

"कशाला? शार्कच्या मयताला?"

तिने फुप्फुसंही घेतली. होतं नव्हतं ते सगळं उडवलं.

आणि मग काय विचारता. शार्कने पाण्यातून अशी उसळी मारली की थेट बोटीवर. कप्तान टोपीसकट पोटात गेला. तेवढ्यावर न थांबता शार्क किनाऱ्यावर चढला, आपटत धोपटत गोल्फच्या मैदानात शिरला आणि चौकड्यांच्या विजारी घातलेल्या माणसांच्या मागे लागला. एक जण काठ्यांच्या पिशवीसकट गट्टम झाला. ड्वेन हसता हसता सोफ्यावरून घसरला. बर्फ घातलेला गोड चहा अंगावर सांडला, तरी त्याचं हसू थांबेना. इतकी गंमत हाताशी होती आणि आपण महिनाभर भाले खात बसलो.

तो हसायचा थांबला. मग उठला.

"आलोच," तो म्हणाला. तो मागच्या पडवीत गेला.

परत आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"ग्लेंडा, गळांच्या पेटीत माझी एक वस्तू होती."

ग्लेंडाचा शार्क एका गोल्फच्या गाडीमागे धावत होता. पडद्यावरची नजर न काढता तिने डावा हात वर केला. बोटात अंगठी होती, कोळंबीला लावलेल्या लोण्याने जरा जास्तच चमकणारी.

"गेल्या रविवारी त्या पेटीत पक्कड शोधत होते, तर ही सापडली," ती म्हणाली. "तशीच घालून चर्चला गेले. सगळ्या गावाने पाहिली. म्हटलं, बघू या साहेबांना कधी दिसते."

ड्वेन सोफ्याजवळ येऊन अंगठी निरखू लागला.

"विचारायचं तेवढं राहिलंय," ग्लेंडा म्हणाली. "का तेही पुढे लागेल?"