काशाची अक्षरं

नाट्यगृहाच्या कमानीवरून काशाचं शेवटचं अक्षर खणकन खाली पडलं, तशी अरिशत गर्दीतून मुसंडी मारत पुढे आली. ऑलिव्हच्या बागा विकून तिच्या नवऱ्यानं, हिमिल्कोनं, हे नाट्यगृह उभारलं होतं; कमानीवर त्याचंच नाव होतं. आता तिथे रोमहून आलेल्या नव्या अधिकाऱ्याचं नाव लागणार होतं. ती थेट त्याच्यासमोर जाऊन ओरडली, “मेल्या, कमानीचा लाकडी आधार काढला त्या दिवशी ‘पडली तर आधी माझ्यावर पडू दे’ म्हणत माझा नवरा खाली उभा होता. तू कुठे होतास?” “बाई, घरी जा,” अधिकारी हसला. “मेलेल्याला नाव कशाला?” ऊन कललं, तसं उघड्या दगडावर अक्षरं धरून ठेवणाऱ्या खिळ्यांच्या काळ्या भोकांतून तेच नाव उमटलं. कुणीतरी मोठ्यानं वाचलं, “हिमिल्को!” मग गर्दीच ओरडू लागली. अधिकारी लालबुंद झाला. “चुना आणा! भोकं बुजवा!” “बुजव की!” अरिशत कडाडली. “इतक्या वर्षांत संगमरवर पिवळा पडलाय. पांढऱ्या चुन्यात माझ्या नवऱ्याचं नाव पार बंदरावरून दिसेल!”