झाकणाचा डबा

“जुन्या कपड्यावर भांडेऽऽ!”

विमलताईनं हाळी दिली खरी, पण आज आवाज तिचा तिलाच कोरडा लागला. पाटी उतरवून ती इंदूबाईच्या ओट्यावर टेकली. पाटीत ताटं, वाट्या, दोन गंज होते. तळाशी घट्ट झाकणाचा एक डबा, आणि डब्यात महिन्याच्या गोळ्या.

तीन वर्षं ती दर महिन्याला फुलसावंगीच्या या टोकाच्या घरी येत होती. भांड्यांचा धंदा नावालाच. तिचा पगार एचआयव्हीच्या एका प्रकल्पातून व्हायचा. ज्या बाया लाजेपायी दवाखान्याची पायरी चढत नाहीत, त्यांना घरपोच गोळ्या दिल्या तर त्या नेमानं घेतात का, असा तो अभ्यास होता. कागदावर नाव नाही, नुसता नंबर. इंदूबाईची विधवा सून शीला, ती चौदा नंबर.

तिचा ठावठिकाणा एका फोनवरून लागला होता. ऑफिसात फोन क्षितिज घ्यायचा. त्यानं सगळं शब्दाला शब्द सांगितलं होतं. “मी शेजारची बोलून राह्यली. मारोती गेला त्याच रोगानं. त्याच्या बायकोले पाहा. पण भांडेवाली बनून या बाप्पा! सासू लई खाष्ट हाय, तिले वास लागला तं पोरीचं जिणं हराम करन.”

पुढंही त्या शेजारणीचे फोन येत राहिले. पोरीला ओकाऱ्या होताहेत, गोळी बदला. पोरीचा खोकला थांबला, बरं झालं. विमलताईला ती कधी दिसली नाही, पण तिचा मोठा आधार वाटायचा.

परवा क्षितिजनं सगळ्यांना बोलावून घेतलं.

“ताई, अभ्यास यशस्वी झाला. आणि प्रकल्प बंद झाला.”

“यशस्वी झाला तं बंद काहून?”

“ज्या परदेशातून पैसा यायचा, त्यांनी हात आखडला. हा महिना शेवटचा. ज्यांचे फोन आले त्यांना मी सांगून टाकलंय, दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी पुसदच्या सरकारी दवाखान्यात या, गोळ्या तिथं फुकट भेटतात. उद्यापासून आपला फोनही बंद.”

“चौदा नंबर कशी जाईन? सासू तिले एकलीले गावाबाहेर सोडत नाही.”

चौदा नंबरच्या रक्तात विषाणू आता सापडतही नव्हता. पण गोळ्या तुटल्या की तो पुन्हा डोकं काढणार, हे दोघांनाही माहीत होतं. मारोती तसाच गेला होता. अर्ध्यातच गोळ्या सोडून.

शीलाला वाचता येत नव्हतं, म्हणून चिठ्ठीचा उपयोग नव्हता. तोंडानंच सांगायला हवं होतं. एरवी त्याला अडचण नसे. इंदूबाई जुनं लुगडं शोधायला आत जायची ती चांगला चहा उकळेल इतका वेळ लावायची. तेवढ्यात दोघी बोलून घ्यायच्या.

आज मात्र लुगड्याचं गाठोडं तयार होतं. इंदूबाई त्यावर हात ठेवून दारातच बसली होती.

“एवढ्याश्या डब्याले दोन लुगडे? भरदिवसा लुटून राह्यली काय व?”

“घट्ट झाकणाचा हाय, बाई. मुंगी शिरत नाही.”

शीला डबा घ्यायला पुढं झाली. विमलताईनं तो लगेच सोडला नाही.

“ही माझी शेवटची फेरी, पोरी. माल येनं बंद झाला. आता असा डबा पुसदलेच भेटन, सरकारी दवाखान्यापाशी. खंड नको पाडू.”

शीलाचा चेहरा उतरला. तिला सगळं कळलं होतं. “पुसद लांब पडते, मावशी,” ती हळूच म्हणाली.

“कायले जाचं पुसदले?” इंदूबाई कडाडली. “घरात भांडे कमी हायेत काय? डब्यावर डबे रचून ठेवले हिनं, अन् एकातही डाळ नाही!”

शीलानं डबा पदराखाली धरला. विमलताईनं चटकन इंदूबाईकडं पाहिलं. डब्यात काय असतं ते या बाईनं उघडून पाहिलं असेल का?

“अन् कान उघडून ऐक,” इंदूबाई सुनेला म्हणाली. “माहे गुडघे गेले. मंगळवारी मले पुसदले जा लागते. दर महिन्याले. तू संगं येशीन. रांगेत मी एकली बसन, दोन-तीन घंटे लागतेत. माह्या डोक्याशी उभी राहू नको. कुठं जाचं तिथं जाय.”

“बरं, आत्याबाई,” शीला म्हणाली आणि डोळे लपवत आत गेली.

विमलताईनं पाटी उचलली. देवच पावला म्हणायचा. तरी तिचा जीव राहीना. शीलाला पुढं त्रास झाला तर कळणार कुणाला? निदान त्या शेजारणीला तरी निरोप द्यावा म्हणून तिनं आजूबाजूला पाहिलं. डाव्या अंगाला कुलूप लागलेलं घर होतं. कुलपावर गंज चढला होता. उजव्या अंगाला नुसतं कपाशीचं वावर.

“भांडेवाली, थांब!”

इंदूबाई काठी टेकत मागून येत होती. तिनं एकदा वळून दाराकडं पाहिलं आणि आवाज दबका केला.

“आता फोन कोनत्या नंबरावर लावाचा व? तो जुना तं कालपासून लागूनच नाही राह्यला.”