मेहुण्याची गिटार

"दाजी, हिच्यात काही जीव उरलाय का बघा. नसेल तर विकून टाकतो आणि नवी घेतो." मेहुण्याने इलेक्ट्रिक गिटार कामाच्या टेबलावर ठेवली.

दाजींनी चष्मा पुसला, एक डोळा मिटून गिटारची मान न्याहाळली. मान किंचित वाकली होती. पडदे झिजले होते, आवाजाची बटणे खरखरत होती. मोकळ्या तारा बऱ्या बोलत, पण बोट वरच्या पडद्यांवर गेले की सूर ढळायचा.

"पुढच्या महिन्यात वाद्यवृंदाचा मोठा कार्यक्रम आहे," मेहुणा म्हणाला. "सुरुवातीचा तुकडा मला एकट्याला वाजवायचाय. म्हणून विचारतो."

त्या वाद्यवृंदातली गिटारची खुर्ची पूर्वी दाजींची होती. मेहुण्याला बोट धरून तिथे नेले तेही दाजींनीच, बायकोचा धाकटा भाऊ म्हणून. वर्षभरात हा संचालकांच्या कानाला लागला: दाजी सुराला कच्चे आहेत. साफ खोटे. पण संचालकांना ते पटले, दाजींना नारळ मिळाला आणि खुर्चीवर मेहुणा बसला. आयत्या बिळावर नागोबा. तेव्हापासून दाजी दुसऱ्यांची वाद्ये दुरुस्त करत होते. मेहुणा घरी आला की त्याला चहा मिळायचा, हवापाण्याच्या गप्पाही व्हायच्या, पण दाजींनी डूख धरला होता तो धरलाच होता.

आता नवी गिटार आली तर हाती आलेली संधी जाणार, सगळेच मुसळ केरात.

"विकू नकोस," दाजी म्हणाले. "जुनं लाकूड आहे. असा आवाज नव्यात मिळायचा नाही. मी करून देतो."

"तुम्ही हो म्हणाल असं वाटलं नव्हतं," मेहुणा म्हणाला.

"घरचंच काम आहे."

बायकोला हे कळले तेव्हा तिचा चेहरा उजळला. "बरं केलंत. किती वर्षं मनात धरून बसायचं माणसानं?"

दाजी नुसते "हं" म्हणाले. ती गुणगुणत भाजी चिरायला बसली. दाजींना ते ऐकवेना. एके काळी काय गळा होता हिचा.

"अलीकडे फार बेसूर गातेस तू," ते म्हणाले. ती गायची थांबली.

दुकानात त्यांनी काम अगदी मन लावून केले. मान सरळ केली, पडदे घासले, बटणांची खरखर घालवली. वरून गिटार नवरीसारखी दिसायला हवी होती. मग उरले शेवटचे काम. तारा खाली जिथे टेकतात ते घोडीवरचे धातूचे इवले तुकडे स्क्रूने पुढेमागे करायचे, म्हणजे वरचे सूर जागेवर येतात. बाकीचे कारागीर त्यासाठी सूर मोजायचे मशीन लावतात. दाजींनी कधी मशीन घेतले नाही. मशीन बहिऱ्यांसाठी असते, असे ते गिऱ्हाइकांना ऐकवायचे. गेल्या काही महिन्यांत दोघातिघांनी वाद्ये परत आणली होती, सूर लागत नाही म्हणून. दाजींनी त्यांना दारातूनच वाटेला लावले. दिवसभर हेडफोन लावून फिरणाऱ्यांना सुरातले काय कळणार.

आधी त्यांनी सगळे सूर कानाने अचूक लावले. अचूक कुठे आहे ते कळल्याशिवाय बिघडवणार कसे? मग एकेक स्क्रू जरा जरा फिरवला, वरचे सूर पार नासेपर्यंत. मेहुणा कुरकुरणार हे त्यांनी धरलेच होते. तो कुरकुरला की म्हणायचे, गिटार ठीक आहे, तुझाच कान गेला. पुन्हा आला की पुन्हा तेच म्हणायचे. सुराला कच्चे म्हटलेले काय असते, ते एकदा कळू दे त्याला.

मेहुणा आला. त्याने गिटार मांडीवर घेतली, हात वर नेला आणि लांबलचक सुरावट वाजवली. दाजींचे दात शिवशिवले.

मेहुणा मान खाली घालून बसला होता. "दाजी, ही इतकी सुरेल कधीच नव्हती."

दाजी त्याच्याकडे बघतच राहिले. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. याचा कान खरोखरच गेला होता. आता याला काही सांगायची गरजच नव्हती, सारे सभागृहच सांगणार होते.

"मागचं सगळं..." मेहुणा अडखळला. "मला कधीपासून बोलायचं होतं."

अजून एक स्क्रू राहिलाय, असे म्हणून गिटार परत मागता आली असती. दाजींनी ती कापडाने पुसून पेटीत ठेवली. "राहू दे. कार्यक्रमाला आम्ही दोघं येतो. पुढची जागा बघून ठेव."

कार्यक्रमाच्या संध्याकाळी दाजी पहिल्या रांगेत बसले. शेजारी बायको होती. मेहुण्याने वाजवायला घेतले, त्याचा हात वरच्या पडद्यांकडे सरकला आणि एकेक सूर कुजका निघू लागला. दाजींना हसू आवरेना. त्यांनी आधी संचालकांकडे पाहिले. त्यांचे तोंड बघायलाच तर ते आले होते. संचालक डोळे मिटून डोलत होते. बायको रुमालाने डोळे टिपत होती, पण तिचा तो भाऊच. दाजींनी मागे वळून पाहिले. कुणी हसत नव्हते, कुणी साधे खाकरतही नव्हते. तुकडा संपला तेव्हा लोकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या.

"सगळेच बहिरे," दाजी पुटपुटले आणि बसून राहिले. आता बाकीची वाद्ये सुरू होतील, त्यांच्या शेजारी या गिटारची लक्तरे निघतील.

मागचा पडदा सरकला. व्हायोलिन, बासऱ्या, पियानो, सगळा वाद्यवृंद एकदम वाजू लागला, आणि त्यातले एकही वाद्य सुरात नव्हते.