दोन हातोड्यांची घसरण
समुद्रकड्यातल्या तड्यापाशी ती वडिलांनी तिच्या जन्माआधी काढलेला जुना फोटो घेऊन उभी होती. त्यात तड्याच्या अलीकडचा काळा थर पलीकडे खाली घसरलेला; माप कळावं म्हणून शेजारी त्यांची हातोडी टेकवलेली. फोटोत ती घसरण दोन हातोड्यांची होती. आज तीच हातोडी लावली, तर तीन भरल्या. "कडा सरकतोय," सहकारी म्हणाला. "वरची घरं रिकामी करायला सांगूया." "थांब जरा. ताजी भेग कुठंच नाही, मग सरकला कसा?" ती म्हणाली. हातोडी उलटसुलट करताना अंगठा दांड्याच्या टोकावर थबकला. करवतीच्या खुणा. तिनं आईला फोन लावला. "बाबांनी हातोडीचा दांडा कापला होता?" "कापला की. चांगला तिसरा हिस्सा. मी ओरडलेसुद्धा." म्हणजे कडा जागच्या जागीच होता. "पण कापला का गं?" तिनं विचारलं. "तू एवढीशी, पण कड्यावर यायचीसच. लांब दांडा तुला पेलायचा नाही."