बाजारच्या दिवशीची शिकवणी

भक्ती चहा ठेवायला आत गेली आणि ओसरीवर शालू एकटी उरली. बाजेवर भक्तीचे सासरे व्यंकटराव घोरत होते. खांबाला टेकून हरभऱ्याचे घाटे सोलत सासू कस्तुराबाई बसली होती, पण तिला शालूनं जमेतच धरलं नव्हतं. अंगठा उठवणाऱ्या सासूला कॉलेजच्या गणितातलं काय कळणार! मघापासून "काहीच उमजंना बाई" म्हणत कपाळ धरून बसलेल्या या पोरीनं कागद पुढं ओढला आणि पेन्सिल सरसर चालवली. कुठं अडली नाही. शेवटी उत्तराभोवती चौकोन काढून तिनं स्वतःशीच मान हलवली. तेवढ्यात आतून बांगड्या वाजल्या, तसं खोडरबर काढून तिनं सगळं पुसून टाकलं. पुन्हा कपाळाला हात.

कस्तुराबाईच्या हातातला घाटा हातातच राहिला.

शालू म्हणजे येडबाची पोरगी. बाप शेळ्या घेऊन ताडकळसच्या बाजाराला यायचा, आणि बाजार उठेपर्यंत ही इथं गणितं विचारायला. भक्ती आणि ती पूर्णेच्या कॉलेजात एका बाकावरच्या. लग्न झालं आणि भक्तीचं कॉलेज सुटलं. परीक्षा तेवढी तिला देऊ देऊ, असं सोयरीक ठरवताना व्यंकटराव चार माणसांत बोलले होते. आता विचारलं की ते "बघू" म्हणायचे, आणि नवऱ्याच्या त्या 'बघू'मधून काही निघालेलं कस्तुराबाईनं आजवर पाहिलं नव्हतं. भागवतला, म्हणजे भक्तीच्या नवऱ्याला विचारावं, तर तो "बाबा म्हणतील तसं" म्हणून मोकळा.

सून आपलं आपण पुस्तक उघडून बसली की घरातून कुणी ना कुणी हाक मारायचंच. पण दारात मागायला आलेलं माणूस रिकामं पाठवायचं नाही, हा व्यंकटरावांचा ताठा होता. कुणी विरजण मागो, कुणी विळा मागो. आता येडबाची पोरगी गणित मागायला आली म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? फक्त सासरे ओसरीवरच्या बाजेवर पडलेले असायचे, म्हणून भक्ती डोक्यावर पदर घेऊन उंबऱ्याच्या आत बसायची आणि शालू बाहेर. मधे पाट, पाटावर कागद.

म्हणजे ही पोरगी आपल्याला खुळ्यात काढतेय? कस्तुराबाईला सणकून राग आला. दर बाजारी चहा काय, सुनेचा वेळ काय! आता हिला इथंच विचारते, म्हणून ती तोंड उघडणार, तोवर भक्ती चहा घेऊन आली आणि पाटासमोर बसली.

गणित करंटचं होतं. कस्तुराबाईनं तो विहिरीवरच्या मोटारीचाच करंट धरला होता. भक्तीनं एक ओळ लिहिली, दुसरी लिहिली आणि ती थांबली. पुसून पुन्हा लिहिली. पदर खांद्यावर घसरला, तो तिला कळलाही नाही.

"थांब हं. येत होतं गं मला हे," ती म्हणाली. मग अगदी बारीक आवाजात, "समदं इसरायले मी, शालू."

तिनं पेन्सिल खाली ठेवली. माहेर सोडताना ही पोरगी ढसाढसा रडली होती, पण तेव्हाही तिचा आवाज असा झाला नव्हता.

शालू कान खाजवत म्हणाली, "सर कायतरी सांगत होते बग. आधी दोनी बाजूला कशानं तरी गुणायचं म्हणे. माझ्या तर डोक्यातच शिरलं न्हाई."

"अगं हां! इंटिग्रेटिंग फॅक्टर!"

भक्तीनं पेन्सिल उचलली ती उत्तरावरच नेऊन थांबवली. वर शालूलाच झापलं, "आन् मागल्या बाजारी सांगितलं होतं ना, कॉन्स्टंट इसरायचा न्हाई म्हणून? डोकं कुठं असतं गं तुझं?"

"चुकलंच बाई," म्हणत शालूनं जीभ चावली.

कस्तुराबाई एकदा इकडं बघे, एकदा तिकडं. कोण कुणाला शिकवतंय! बाजाराच्या दुसऱ्या टोकापासून उन्हात चालत यायचं आणि वर बोलणी खायची. तिचा राग कुठल्या कुठं गेला आणि डोळे भरून आले.

बाज करकरली. व्यंकटराव उठून बसले. "ह्या पोरीचं झालं न्हाई का आजून? दर बाजारी येती. काहीच कसं येत न्हाई हिला?"

शालूनं मान खाली घातली. भक्तीनं घाईनं पदर डोक्यावर ओढला.

कस्तुराबाईनं मांडीवरची टरफलं झटकली. "लय कच्ची हाय पोरगी," ती म्हणाली. "परीक्षा होईस्तोवर यावं लागंल तिला. आन् परीक्षेलाबी एकटी जाऊन तिचं काय व्हायचं न्हाई. आपली भक्ती बसंल संगं."

"बघू."

"बघायचं काय त्यात? मागायला आलेलं माणूस अर्ध्यात सोडायची रीत हाय का आपल्या घरात?"

व्यंकटरावांनी बायकोकडं पाहिलं. मग पायात चपला घातल्या आणि बाजाराकडं निघाले. उंबऱ्याच्या आत भक्ती श्वास रोखून बसली होती.

शालू निघाली, तशी कस्तुराबाई तिला फाटकापर्यंत पोचवायला गेली. सोललेले हरभरे तिच्या ओढणीत ओतले आणि भक्तीला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाली,

"आजचं तर तुला येतच होतं. पुढल्या बाजारी दोघीलाबी येत न्हाई, असं गणित आण."