रायफलीत बसेल अशी गोळी

वायोमिंगच्या माळावर डार्लीनच्या डोळ्यांदेखत कोल्ह्याने आणखी एक कोकरू नेलं, आणि तिची रायफल रिकामी! त्या रायफलीला तिचा नवरा क्लीट याच्या रिव्हॉल्व्हरच्याच गोळ्या चालायच्या, म्हणून तिने आणलेला प्रत्येक खोका तो बियरच्या डब्यांवर नेम धरून उडवून टाकायचा.

ती तणतणत गावातल्या दुकानात शिरली.

"परत संपल्या?" दुकानदार ऑरिन हसला. "कोल्ह्यांची पंगत बसली होती काय?"

"कोल्ह्याला एकही लागली नाही, मेल्या! सगळ्या डब्यांना लागल्या. माझ्या रायफलीत जाईल पण त्याच्या रिव्हॉल्व्हरमध्ये जाणार नाही, अशी गोळी दे."

"ही घे. जाडी तीच, फक्त थोडी लांब. त्याच्या रिव्हॉल्व्हरचं गोळ्या भरायचं चक्र मिटणारच नाही."

रविवारी मेंढ्या पुन्हा ओरडल्या. डार्लीनने खुंटीकडे हात टाकला, तर रायफलच जागेवर नाही. कोकरू गेलंच. तेवढ्यात ओढ्याकडून बार ऐकू आले. निदान आज तरी नवरा कोल्ह्याच्या मागे लागला, असं वाटून ती तिकडे धावली.

 

"तू आणलेल्या गोळ्या रिव्हॉल्व्हरमध्ये बसेनात गं," क्लीट डबे पुन्हा रांगेत मांडत म्हणाला, "म्हणून तुझी रायफलच आणली. काय झकास नेम बसतोय!"